पोर्ट मोजू नका, चिप विचारा!

बेडरूममध्ये गादी भिंतीला टेकवून स्टुडिओ थाटणाऱ्यांची जमात आता चांगलीच वाढलीय. दिवसा आयटी, रात्री व्हॉइस-ओव्हर. कुणाचा पॉडकास्ट, कुणाची गाणी. या सगळ्या मंडळींचा एक कॉमन शत्रू आहे. 'टक्'! वीस मिनिटांचा टेक झकास जमलेला असतो आणि अठराव्या मिनिटाला आवाजात बारीकसा खटका येतो. ऐकणाऱ्याला कदाचित जाणवणारही नाही, पण काम देणाऱ्याला बरोब्बर जाणवतो. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका मित्राची ऑडिओबुकची फाइल अशाच खटक्यांपायी परत आली. पठ्ठ्या थेट नवा ऑडिओ इंटरफेस घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, थांब. आधी डेस्कटॉपच्या पोटात काय चाललंय ते बघू.

फंडा असा आहे. पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी करताना एखादा तुकडा बिघडला तर कॉम्प्युटर तो पुन्हा पाठवतो. थोडा उशीर होतो, बस्स. ऑडिओला ही चैन नाही. इंटरफेसमधला आवाज यूएसबीवरून 'आयसोक्रोनस' पद्धतीने जातो. ठरलेल्या वेळी ठरलेला तुकडा निघणार, चुकला तर चुकला, परत पाठवणं नाही. लोकल सुटली की सुटली, तसंच. त्या चुकलेल्या तुकड्याचा आवाज म्हणजे आपला 'टक्'.

त्यामुळे इथे स्पीडचा प्रश्नच नसतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचे दोन चॅनल धरले तरी सेकंदाला साडेचार-पावणेपाच मेगाबिट होतात. जुन्या यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट आहे! तेव्हा '१० जीबीपीएस'चं चकचकीत खोकं बघून भुलू नका. हवंय ते वेळेवर काम करणारं कंट्रोलर. मदरबोर्डवरचं कंट्रोलर बिचारं कीबोर्ड, माउस, वेबकॅम, हार्ड डिस्क असं सगळं सांभाळत असतं. इंटरफेसला वेगळं कंट्रोलर देणारं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड कामी येतं ते इथे. (लॅपटॉपवाल्यांनी पान उलटलं तरी चालेल, हे कार्ड डेस्कटॉपातच बसतं.)

पण पाकीट काढण्याआधी फुकटचे उपाय करा. बफर ६४ सॅम्पलवरून २५६ वर न्या. ४८ किलोहर्ट्झला म्हणजे सव्वा मिलिसेकंदावरून सव्वापाचवर. फक्त बोलून रेकॉर्ड करणाऱ्याला हा फरक कळतही नाही, गाणाऱ्याला मात्र स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू आल्यासारखं होतं. मग 'लेटन्सीमॉन' नावाचं सॉफ्टवेअर चालवा. त्यात वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर गुन्हेगार निघाला, तर जगातलं कुठलंही कार्ड तुम्हाला वाचवणार नाही. बायोसही अपडेट करा. एएमडीच्या ५०० सिरीजच्या मदरबोर्डांवर यूएसबी मधूनच तुटतं, अशा तक्रारी आल्या होत्या. कंपनीने त्या फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्य केल्या आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये इलाज आला तो बायोस अपडेटमधूनच. त्याआधी कार्डं घेतलेल्यांना काय वाटलं असेल, विचार करा!

इतकं करूनही खटका गेला नाही, तरच लॅमिंग्टन रोड गाठा. तिथे पहिला प्रश्न येतो, ''बॉस, कितना पोर्ट चाहिए?'' तुम्ही उलट विचारायचं, चिप कुठली? खोक्यावर ब्रँड काहीही असो, आत मोजक्याच कंपन्यांच्या चिप असतात. माझी पहिली पसंती रेनेसासच्या 'यूपीडी७२०२०१'ला (पूर्वीचं एनईसी, २०१० मध्ये दोन्ही एक झाले). ही चिप चार पोर्ट स्वतःच चालवते. ती नसेल तर फ्रेस्को लॉजिकची 'एफएल११००'. चिपचं नाव खोक्यावर नसेल आणि दुकानदारही सांगत नसेल, तर सरळ पुढच्या दुकानात जा. त्याआधी तुमचा इंटरफेस बनवणाऱ्याच्या सपोर्ट पानावर चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या चिपची यादी असेल तर ती वाचाच. तिथे माझी पसंती बाजूला ठेवा.

सात पोर्टवालं कार्ड टाळा. त्यात बहुतेक वेळा चार पोर्टच्या चिपमागे एक हब जोडलेला असतो, म्हणजे पुन्हा गर्दी.

वीज हा मुद्दा लोक साफ विसरतात. इंटरफेसला वेगळा अॅडॉप्टर नसेल तर त्याचा सगळा खुराक पोर्टातूनच येतो. म्हणून पॉवर सप्लायची वायर थेट जोडता येणारं कार्ड बघा आणि ती वायर जोडायचा कंटाळा करू नका. घरातून निघण्याआधी कॅबिनेट उघडून एक छोटा स्लॉट रिकामा आहे का, तेही बघून ठेवा. हल्लीची जाडजूड ग्राफिक्स कार्डं शेजारचा स्लॉट गिळून बसतात. विंडोज ८ किंवा पुढचं असेल तर ड्रायव्हरची भानगड सहसा नसते.

कार्ड बसलं की त्यावर फक्त इंटरफेस लावा. उरलेल्या पोर्टांत मोबाइल चार्जिंगला लावायचा मोह होईलच, आवरा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबला वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची परवानगी असते, ती काढून टाका. आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत सलग तासभर रेकॉर्डिंग करून हेडफोन लावून ऐका, अठराव्या मिनिटासकट.