शिष्यवृत्ती आणि प्रयोगशाळेचा उंबरठा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना, १९४२ मध्ये, अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी सरकारला एक निवेदन सादर केले. कला व कायदा या शाखांतील शिक्षणाचा या समाजाला फारसा उपयोग नाही. विज्ञान व तंत्रविद्येचे उच्च शिक्षण हवे, परंतु ते त्याच्या ऐपतीबाहेरचे आहे, असा त्यातील युक्तिवाद होता. या शिक्षणासाठी देशातील शिष्यवृत्त्यांकरिता वार्षिक २ लाख आणि परदेशी शिक्षणाकरिता १ लाख रुपयांची मागणी त्यात होती. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. विद्यार्थ्याचा भत्ता आणि महाविद्यालयाचे शुल्क ही तिची दोन मुख्य अंगे होत.

शिष्यवृत्ती ऐपतीचा प्रश्न सोडवते. विज्ञानशिक्षणात त्यापुढे आणखी एक पायरी असते. कलाशाखेचा विद्यार्थी ग्रंथांच्या बळावर एकट्याने अभ्यास करून परीक्षेला बसू शकतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला उपकरणे हाताळावी लागतात आणि प्रात्यक्षिकाचे गुण समोर उभा असलेला परीक्षक देतो. म्हणजे येथे शिक्षकाच्या संमतीवाचून शिक्षणच पुरे होत नाही.

ही पायरी शासकीय अहवालांपेक्षा आत्मकथनांत अधिक स्पष्ट दिसते. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या ‘जूठन’ (१९९७) या हिंदी आत्मकथनात बारावीच्या विज्ञानवर्गातील प्रसंग आहे. रसायनशास्त्राचे शिक्षक त्यांना प्रयोगशाळेपासून दूर ठेवतात. इतर विषय चांगले असूनही ते रसायनाच्या प्रात्यक्षिकात अनुत्तीर्ण होतात. पुढे ते आयुधनिर्माणीत शिकाऊ म्हणून दाखल झाले. तेथील प्रशिक्षणासाठी अंबरनाथला आले असता त्यांचा मराठी दलित साहित्याशी परिचय झाला. विज्ञानाची वाट रोखली गेलेल्या विद्यार्थ्याच्या या स्थलांतरातून हिंदी आणि मराठी दलित साहित्याचा एक महत्त्वाचा दुवा जुळला, ही बाब तुलनाकारांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

याच विषयाच्या संदर्भात वाय. बी. सत्यनारायण यांचे ‘माय फादर बालय्या’ (२०११) हे इंग्रजी पुस्तक ‘जूठन’शेजारी ठेवून वाचता येते. तेलंगणातील दलित कुटुंबात जन्मलेले लेखक रसायनशास्त्राचेच प्राध्यापक झाले. वडिलांची रेल्वेतील नोकरी आणि मुलांच्या शिक्षणाविषयीचा त्यांचा आग्रह हा त्या कथनाचा कणा आहे. दोन जीवनक्रमांतील अंतर केवळ बुद्धीने किंवा पैशाने उलगडत नाही. नियमित वेतन, घरचा पाठिंबा आणि संस्थेचे वर्तन यांचा एकत्र विचार करावा लागतो.

पैसा मंजूर होणे आणि तो वेळेवर हाती येणे यांतही अंतर असते. जीवविज्ञानाकडून समाजविज्ञानाकडे वळलेले हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या जानेवारी २०१६ मधील अखेरच्या पत्रात विज्ञानलेखक होण्याच्या स्वप्नाचा आणि सात महिन्यांच्या थकलेल्या अधिछात्रवृत्तीचा उल्लेख आहे. मॅट्रिकोत्तर योजनेपुरती या विलंबाची दखल पुढे घेतली गेली: डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने खर्चाचा ६० टक्के वाटा उचलण्याचे आणि रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याचे ठरवले.

या सुधारणेने रकमेची वाट सुकर होऊ शकते. प्रयोगशाळेचे दार मात्र संस्थेच्या हाती राहते, आणि ते कसे उघडले किंवा मिटले याची नोंद हिशेबाच्या तक्त्यांत होत नाही. म्हणून विज्ञानशिक्षणाच्या सामाजिक इतिहासासाठी ही आत्मकथने साहित्यकृतींइतकीच प्राथमिक साधनेही ठरतात.