झिजलेली बोटे आणि शिध्याचा हक्क

रास्त भाव दुकानातील यंत्राच्या काचेवर बोट टेकताच आतला प्रकाश, जिथे कातडीचे उंचवटे काचेला भिडतात तिथे विखुरला जाऊन काळसर, आणि जिथे खाचांतील हवा आड येते तिथे पूर्णपणे परावर्तित होऊन उजळ, अशी जी रेखाकृती उमटवतो, तिच्यातील रेषांची टोके व फाटे दफ्तरी नोंदीशी ताडून माणसाची ओळख पटवली जाते. परंतु विटा, चुना आणि सिमेंट हाताळून ज्याच्या बोटांवरील रेषा झिजल्या, किंवा वार्धक्याने ज्याची त्वचा शुष्क झाली, त्याचा काचेशी सलग स्पर्श न झाल्याने आकृती तुटक उमटते आणि खरा हक्कदारच यंत्राच्या लेखी परका ठरतो. म्हणजे ज्या कष्टकऱ्याला शिध्याची निकड अधिक, त्यालाच नकार मिळण्याचा संभव अधिक! अशा कारणास्तव पात्र व्यक्तीला लाभ नाकारला जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात बजावले आहे. तस्मात यंत्राने बोट नाकारले म्हणून कोणी रिकामी पिशवी घेऊन मुकाट्याने परतू नये. पर्यायी पडताळणीचा आग्रह धरावा आणि दाद न लागल्यास तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेकडे लेखी तक्रार गुदरावी.