तंजावरहून परदेशी: कारागीर आणि कुटुंब

व्यंकोजीराजांचं तंजावर आपण ओळखतो ते सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. त्याच जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टई भागातून आज गवंडी, वेल्डर, वायरमन सिंगापूर नि आखाताची वाट धरतात. तिरुचिरापल्लीचा विमानतळ तंजावर शहरापासून तासाभरावर. सिंगापूरच्या बांधकामावर जायचं तर आधी हाताची परीक्षा: सळया बांधणं, फरशी बसवणं, पाइप जोडणं, जे काम निवडाल ते परीक्षकासमोर करून दाखवायचं.

बायकामुलांना सोबत न्यायचं असेल, तर परवान्याचा प्रकार आधी बघा. सिंगापूरच्या साध्या ‘वर्क परमिट’वर कुटुंब नेताच येत नाही. ‘एस पास’वर येतं, पण पगार दरमहा निदान ६,००० सिंगापुरी डॉलर हवा. गवंड्याला एवढा पगार मिळणं फार अवघड. मुलांच्या शाळेचे दाखले काढण्याआधी हे घरात नीट बोलून घ्यायला हवं.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’, म्हणजे ‘जाण्याआधी सरकारी मंजुरी आवश्यक’ अशी नोंद असते. आखातात किंवा मलेशियात नोकरीला जाताना त्यांना सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर ती मंजुरी घ्यावी लागते, सोबत १० लाखांचा विमाही काढावा लागतो. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती मागाच. आणि व्हिजिट व्हिसावर नेऊन तिकडे कामाला लावतो म्हणणाऱ्याच्या हाती पासपोर्ट देऊ नका.