चित्र कीं वस्तु ?

वर्गाच्या भिंतीवर भारताचा नकाशा टांगलेला असतो. विद्यार्थ्याला त्यांत गंगा-यमुना दिसतात. शाळेच्या शिपायाला तो गुंडाळून कपाटांत ठेवावयाचें कापड वाटतो. दोघांचेंहि पाहणें खरेंच. चित्राचेंहि असेंच आहे. तें एक दृश्य असतें, आणि खिळ्याला टांगलेलें लांकूड, कापड व रंग यांचें ओझेंहि असतें. ही दुसरी गोष्ट प्रेक्षकानें विसरावी, म्हणून शतकानुशतकें चित्रकार झटत आले. ती विसरूं न देणारा, परंतु तिच्यापुढें मानहि न तुकविणारा एक अमेरिकन चित्रकार होऊन गेला. त्याचें नांव फ्रँक स्टेला (१९३६-२०२४).

१९५९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें त्यानें आपलीं प्रसिद्ध काळीं चित्रें काढिलीं. घरें रंगविण्याचा रंग, तसलाच रुंद कुंचला, काळे पट्टे, आणि दोन पट्ट्यांमध्यें कोऱ्या कापडाची बारीक रेघ. कापड ताणावयाच्या चौकटीच्या फळ्या त्यानें कडेवर उभ्या केल्या. त्यामुळें चित्र भिंतीपासून अधिक पुढें आलें आणि त्याची छाया भिंतीवर पडूं लागली. १९६० सालच्या अॅल्युमिनियम रंगाच्या चित्रांत त्यानें कडांनाच खांचा पाडल्या. पट्टा वळेल तशी चौकटहि वळावी, हा हेतु.

ही तर वस्तूच झाली, असें कोणीहि म्हणेल. १९६४ सालीं न्यूयॉर्कच्या एका नभोवाणी-केंद्रावर स्टेला व डॉनल्ड जड यांची मुलाखत झाली. तींत स्टेलानें सांगितलें कीं, कोणतेंहि चित्र ही वस्तु आहेच. पण असेंहि सांगितलें कीं, जाड चौकटीमुळें आपलें चित्र वस्तूसारखें कमी व चित्रासारखें अधिक दिसतें. कारण छायेमुळें रंगाचा पृष्ठभाग भिंतीपासून सुटून डोळ्यांत भरतो. वरवर ही विसंगति वाटेल. परंतु वस्तु असणें ही त्याच्या दृष्टीनें चित्राची सुरुवात होती, शेवट नव्हे.

जडनें मात्र वेगळा रस्ता धरला. भिंतीला टेकलेल्या चौकोनांत आतां फारसें कांहीं उरलें नाहीं, असें मानून त्यानें चित्रकला सोडली व धातूच्या, लांकडाच्या पेट्या करविल्या. येथेंच खरा पेंच पडतो. चित्र जर केवळ वस्तु, तर रंगवावयाचें तरी कशाला ?

स्टेलानें याचें उत्तर हातानें दिलें. १९७० पासूनच्या एका मालिकेला त्यानें पोलंडांतील, नाझींनीं नष्ट केलेल्या लांकडी प्रार्थनामंदिरांच्या गांवांचीं नांवें दिलीं. तींत फेल्ट, पुठ्ठा व लांकूड हीं थरावर थर चढलीं. १९७७ सालीं तो अहमदाबादेस साराभाई कुटुंबाकडे राहिला. तेथें टाकाऊ छापील पत्र्याच्या तुकड्यांचे नमुने करून त्यानें भारतीय पक्ष्यांच्या नांवांची मालिका सुरू केली. तींत वांकविलेले, रंगविलेले पत्रे भिंतीपासून पुढें झेपावतात. पुढें १९८३-८४ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत त्यानें काराव्हाज्जोचा दाखला देऊन, चित्राला पुन्हां मोकळें अवकाश मिळालें पाहिजे, असें प्रतिपादन केलें.

ज्यानें सपाटपणाचा एवढा आग्रह धरला, तोच असा उंचवट्यांकडे वळला. पण चित्रकार हें नांव त्यानें टाकलें नाहीं. आपणहि चित्रशाळेंत गेल्यावर चित्र समोरून पाहून झालें कीं, क्षणभर बाजूला सरून त्याची जाडी पहावी. ती किती असावी, हेंहि कोणीतरी विचारपूर्वक ठरविलेलें असतें.