तळं राखणारी मशीद

क्रॉफर्ड मार्केटकडून शेख मेमन स्ट्रीटला वळलं की कापडाचे गठ्ठे, हातगाड्या आणि हमालांच्या गर्दीत मुंबईची जामा मशीद लागते. तिचा इतिहास एका अटीपासून सुरू होतो.

अठराव्या शतकात कोटाजवळची जुनी मशीद सरकारी हुकुमाने हलवावी लागली. नवी जागा दिली एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याने. जागेत तळं होतं, आणि ते बुजवायचं नाही, या बोलीवरच त्याने जमीन दिली. १७७५मध्ये काम सुरू झालं, पुरं व्हायला १८०२ उजाडलं. पाण्यातून वर आलेल्या सोळा काळ्या दगडी कमानींवर सगळी इमारत तोललेली आहे. खाली झऱ्यांचं पाणी, त्यात मासे आणि कासवं. वर नमाजाचं दालन. मशिदीभोवतीच्या इमारतींत तळमजल्यावर भाड्याने दिलेली दुकानं, त्यामुळे बाजार आणि इबादत इथे एकमेकांना धरून आहेत.

नमाजाआधी वजू करायचा, म्हणजे हात-पाय-तोंड धुवायचं, तर पाणी हवंच; ते या तळ्यातून मिळे. पण १८६०मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने आलं आणि शहराची तळ्यांची गरज हळूहळू कमी होत गेली. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, मुंबादेवीचं तळं: एकेक बुजत गेलं, नावं तेवढी उरली. हे तळं मात्र टिकलं, आणि मला या मशिदीचं मोठेपण इथेच दिसतं. जमीन सोन्याच्या भावाने विकली जाणाऱ्या या भागात तिने दिलेला शब्द पाळला.

तळं राहिलं, नमाजाला येणाऱ्या जमातीचं रूप मात्र पालटलं. कोकणी मुसलमान शाफई; कच्छ-काठियावाडचे मेमन, उत्तरेकडून आलेले कारागीर बहुतेक हनफी. फिकहचे, म्हणजे धर्मनियमांच्या अर्थाचे, बारीकसारीक फरक ठेवूनही शुक्रवारी जुम्म्याला सगळे एकाच इमामामागे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. रमजानात तरावीहच्या रात्रीच्या नमाजासाठी हीच माणसं रोज रात्री पुन्हा एकत्र येतात.

या एकत्र येण्यात मोठा खंड पडला तो मार्च २०२०मध्ये. करोनामुळे राज्यातली सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली, रमजानची ईदही लोकांनी घरीच केली. १६ नोव्हेंबर २०२०ला, दिवाळी पाडव्याला, दारं उघडली. पुढच्या लाटेत पुन्हा मिटली, ती ७ ऑक्टोबर २०२१पर्यंत.

आज आजूबाजूला जुन्या चाळी पाडून टोलेजंग इमारतींसाठी खोल पाये खणले जात आहेत; त्यांनी जमिनीखालचे झरे तुटू शकतात. महापालिकेने या तळ्याचे झरे कुठून येतात याची पाहणी करावी आणि आसपासच्या बांधकामाला परवानगी देताना त्यांचा विचार करावा.