दगड टिकला, टेपचे काय?

लेण्याद्रीचे चैत्यगृह, म्हणजे सहावे लेणे, कोणी दान दिले ते तिथेच ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे. कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा सुलसदत्त याचे हे दान. शेजारच्या सातव्या लेण्यात गणपतीच्या दर्शनाला रांग लागते. या अक्षरांकडे मान वर करून पाहणारे थोडे. असो. आम्हाला सांगायचे आहे ते निराळेच. ही अक्षरे दगडावर शाबूत होती, तरी मधली कित्येक शतके ती कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा कुठे ती पुन्हा बोलू लागली. वस्तू टिकली होती, वाचायचे साधन हरवले होते.

हे आठवायचे कारण म्हणजे या डोंगराच्या पायथ्याकडील एका वस्तीत, विहारालगतच्या वाचनालयात झालेली बैठक. वर्गणीतून थोडी रक्कम जमली होती. पोरांचे म्हणणे, संगणक आणि इंटरनेट घ्या, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास होईल. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, कपाटात दोन खोकी कॅसेटी धूळ खात पडल्या आहेत, आधी नवा टेप घ्या. आवाज चढले. आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो, पण बोलल्याशिवाय राहवले नाही.

आम्ही आधी ती दोन खोकी उघडायला लावली. पहिल्यात बाजारच्या कॅसेटी होत्या: वामनदादांची गाणी, प्रल्हाद शिंदेंचा आवाज. आपल्या घराघरांत भीमगीत पोहोचवले ते याच कॅसेटींनी. पण यांतली बहुतेक गाणी आज मोबाईलवर सापडतात. त्यांच्यासाठी वर्गणीचा रुपयाही घालू नये. दुसऱ्या खोक्यातल्या कॅसेटींवर मात्र धड नावेही नव्हती. चौदा एप्रिलच्या रात्रीचा वस्तीतलाच जलसा, कुणाच्या लग्नातले भाषण, जात्यावर गाणाऱ्या आज्या. हे दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

इथे आमच्या हातून एक चूक घडली, ती सांगितली पाहिजे. उत्साहाच्या भरात आम्ही त्यातली एक कॅसेट कोपऱ्यातल्या जुन्या टेपमध्ये घातली. अर्धा मिनिट ओवी ऐकू आली, मग फीत रोलरला गुंडाळली आणि ओढताना तुटली. तो आवाज तिथे बसलेल्या एका मावशींच्या सासूबाईंचा होता. मावशी काही बोलल्या नाहीत. पदराने कॅसेट पुसून त्यांनी ती मांडीवर ठेवली.

फितीवर आवाज असतो तो लोहचुंबकी भुकटीच्या पातळ थरात. दमट हवेत तो थर चिकट होतो, त्यावर बुरशी धरते. जुन्नरच्या पावसाळ्यात वेगळे काय होणार? शिवाय वाजवायची यंत्रेच संपत चालली आहेत. व्हिडिओ कॅसेटचा व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या शेवटच्या कंपनीने २०१६ मध्ये ते काम थांबवले. म्हणून वाचनालयाने आता जुन्या साधनांचा साठा वाढवू नये. पण जे फक्त जुन्या साधनावर आहे ते उतरवून घ्यायला संगणकच लागतो. पोरांचा संगणक आणि वडीलधाऱ्यांची खोकी यांत भांडण आहेच कुठे? चांगला टेप महिनाभर उसना आणला तरी काम भागते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटेच लागतात. ती उतरवली की जेमतेम एक जीबी जागा व्यापते. मात्र एक प्रत विहारात आणि दुसरी पुण्या-मुंबईतल्या कुणाच्या घरी ठेवावी, कारण हार्डडिस्कही एक दिवस बंद पडतेच.

हे होऊ शकते याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून अधिक. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या पुष्कळशा ध्वनिमुद्रित झाल्या. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. २०१७ पासून त्या ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात, आणि गाणारीचे नाव, गाव त्यासोबत असते. आम्हाला महत्त्व वाटते ते या नावाचे. नाव नसलेला आवाज संगणकात घातला तरी तो हरवलेलाच.

आणि संगणक आला म्हणून कागद रद्दीत घालायचा नाही, हेही पोरांना बजावले. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड राज्य शासनाने १९७९ पासून काढले. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्यांतले बरेच आज मोबाईलवर फुकट वाचता येतात. तरी छापील खंडांसाठी लोक किती वाट पाहतात, ते छपाई रखडल्याची दखल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली यावरून दिसले. ज्या वाचनालयात हे खंड आहेत, त्यांनी ते जिवापाड जपावेत.

शेवटी बैठकीत संगणक घ्यायचे ठरले. टेप पिंपरीच्या एका नातेवाइकाच्या माळ्यावरून आला. आम्ही तोडलेली फीत एका पोराने बारीक चिकटपट्टीने जोडली. मधले दोन शब्द गेले. मग कॅसेटींवर नावे लिहायला वस्तीतल्या दोन आज्यांना बोलावले. एका आवाजावर दोघींचे एकमत होईना. तेवढी कॅसेट कोरी चिठ्ठी लावून बाजूला ठेवली आहे. तिसऱ्या आजी मुंबईहून आल्या की त्यांना ऐकवायची आहे.