सहा लाखांचं पॅकेज आणि हातातला पगार

मुलाखतीला कोणता शर्ट घालायचा यावर घरात जितकी चर्चा होते, त्याच्या निम्मीही ऑफर लेटरवर होत नाही. नोकरभरतीबद्दलचे बरेचसे गैरसमज याच सवयीतून येतात.

अनुभवी साहेब पाच मिनिटांत माणूस ओळखतो, हा त्यातला सर्वांत जुना. साहेबांचाही त्यावर विश्वास असतो! पण सुचेल ते विचारत रंगलेल्या गप्पांवरून उमेदवार पुढे काम कसं करेल, याचा अंदाज कच्चाच निघतो. सर्वांना तेच प्रश्न आणि ठरलेल्या निकषांवर गुण, ही पद्धत जास्त भरवशाची, असं संशोधन सांगतं. विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील, असल्या कोड्यांना गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये चक्क वेळेचा अपव्यय म्हटलं. केंद्र सरकारने तर २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखतीच बंद केल्या.

खरी गफलत होते ती पॅकेजच्या आकड्यात. सहा लाख सीटीसी म्हणजे महिन्याला पन्नास हजार, असं धरून हप्त्यांची गणितं मांडली जातात. सीटीसी हा कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. समजा, बेसिक २५,००० आहे आणि दहा टक्के रक्कम कामगिरीवर अवलंबून आहे. पन्नास हजारांतून ते ५,००० आधीच बाजूला पडतात. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे १,२०० रुपयेही त्यातच धरलेले असतात. मग तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि महाराष्ट्रात व्यवसाय कर २०० रुपये. खात्यात येतात साधारण साडेसदतीस हजार. ग्रॅच्युइटी तर नियमित नोकरीत सहसा पाच वर्षं टिकल्यावरच मिळते.

‘पगाराचं विचारलं तर हावरट वाटू’ हा संकोचही सोडा. पहिल्या फेरीत नको, पण ऑफर आल्यावर विचारणं तुमचा हक्कच आहे.

आणि नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या अनामतीच्या नावाखाली कुणी आधी पैसे मागितले, तर तो फोन तिथेच ठेवा. बाकी ठिकाणी होकार कळवण्यापूर्वी एचआरकडून तीन गोष्टी ईमेलवर लेखी मागून घ्या: महिन्याचा हातात येणारा पगार, नोटीस पिरियड आणि बाँडची अट.